तीन सायकली, तीन माणसं, एक गाडी: कुठली घ्यावी?

कळे_साळवण

नमस्कार मंडळी,

गाडी बदलायची वेळ आली आहे. बारा वर्षं वापरलेली पेट्रोल सेडान आता दर महिन्याला काहीतरी मागते. राहायला राजारामपुरीत, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. रोजच्या जाण्यायेण्याला कुठलीही गाडी चालेल. प्रश्न रविवारचा आहे.

घरात तीन सायकली आहेत. माझी रोड बाईक, मिसेसची २९ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाईक) आणि सहावीतल्या मुलीची २४ इंची. पन्हाळा २० किलोमीटरवर आहे, तिथं आम्ही दोघं घरातून सायकलवरच जातो, त्याला गाडी लागत नाही. पण मुलीला गगनबावड्याचा रस्ता दाखवायचा तर एका बाजूचेच ५५ किलोमीटर होतात. त्यात उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिव्याचा पत्ता नाही, वर धुकं. बारा वर्षांच्या पोरीला त्या गर्दीत मी सायकलवर घालणार नाही. साळवणपर्यंत गाडीनं जायचं, तिथं गाडी लावायची आणि पुढचा झाडीचा रस्ता तिघांनी सायकलवर करायचा, असं आमचं चाललंय.

आतापर्यंत डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक वापरला. मागच्या महिन्यात साळवणला एमटीबी उतरवली आणि मागच्या टायरला हात लावला तर टायरची कड चिंगमसारखी बोटाला चिकटली. चाक नेमकं सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं होतं. टायर गेला, ट्यूब गेली, मुलीचा रविवार गेला. बांधताना खाली वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. तो रॅक परत लावायची इच्छा उरलेली नाही.

बजेट ऑन रोड १३ लाख, ओढूनताणून थोडं वर. मॅन्युअलच हवी. आणि मला गाडी चालवायला मनापासून आवडते, त्यामुळं नुसता टेम्पो नको. आंबा घाटात वळण घेताना मजा आली पाहिजे. तुम्ही सायकली कशा नेता, कुठल्या गाडीत नेता, सविस्तर सांगा.

घाटवाट

जुनी इनोव्हा बघा. कोल्हापुरात विचारताय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीतच असणार.

छपरावर_नको

गाडी कुठली ते बाकीचे सांगतील, मी काय करू नये तेवढं सांगतो. छपरावर सायकली लावू नका.

दोन वर्षं मी छपरावरच नेत होतो. दिसायला झकास, मागची काच मोकळी, पाचही सीट मोकळ्या. एकदा गोव्याहून हाफ आयर्नमॅन करून परत आलो. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, आणि दुसऱ्या दिवशी अंबोलीतून सहा तास गाडी. रात्री साडेदहाला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये वळलो. वर सायकल आहे हे डोक्यातून पार गेलेलं. बीमवर असा काही आवाज झाला की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तुटला, हँडलबार वाकला, छपराला खड्डा पडला. सगळ्यात वाईट म्हणजे बायको शेजारी बसली होती आणि तिच्याही लक्षात आलं नाही. इतके आम्ही दोघं दमलो होतो. दमलेल्या माणसाला छपरावरचं आठवत नाही, हे मी स्वतःच्या सायकलीची किंमत मोजून शिकलो.

अजून एक. हल्ली बऱ्याच गाड्यांवर जे रूफ रेल दिसतात ते नुसते शोभेचे असतात, वजन घेत नाहीत. छपरावर किती किलो चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढंच खरं धरा.

दुसरा_गिअर

माझी उंची पाच फूट. त्यामुळं छपराचा प्रश्न माझ्यासाठी पहिल्याच दिवशी मिटला, तिथं माझा हात पोचतच नाही :)

मी वॅगनआर वापरतो. एकटी जातो किंवा मैत्रिणीला घेऊन. मागची सीट ६०:४० आहे, म्हणजे दोन भागांत वेगवेगळी पाडता येते, पण ती सगळ्या मॉडेलला येत नाही, वरच्या मॉडेललाच येते, घेताना बघा. सीट पाडली, पुढचं चाक काढलं, सीटपोस्ट (सीटचा दांडा) खाली केला की सायकल आडवी सरकते. गाडी उंच असल्यामुळं वाकावं लागत नाही आणि डिकीचं तोंड चौकोनी आहे. हे चौकोनी तोंड फार महत्त्वाचं आहे. उतरत्या काचेच्या हॅचबॅकमध्ये आत जागा असते, पण हँडल आत घालतानाच अडकतं.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट. चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. मागच्या पावसाळ्यात दाजीपूरला गेलो, तिथं पाऊण तास पॅड उघडत बसलो. हातात टायर लिव्हर, वरनं पाऊस आणि समोर चहावाला मामा छत्री धरून उभा. तेव्हापासून पुठ्ठा पर्समध्ये असतो.

मुठा_काठ

ताई, माहिती उत्तम. पण एक शंका. "एकटी जातो", "गेलो", "बसलो"... मी सुरुवातीला दोन वेळा वर जाऊन आयडी तपासला.

दुसरा_गिअर

दादा, पुण्यातनं आलाय न्हवं? कोल्हापुरात पोरी पण "गेलो", "आलो"च म्हणतात. आमची आजी पण तसंच बोलायची. आता रॅकवर बोलूया.

लेथ_नंबर_४

उद्यमनगरातनं लिहितोय. या धाग्यावर कुणीतरी आता लिटरचे आकडे टाकणार, त्याआधी बोलून घेतो.

डिकीचं लिटर बघून सायकलीसाठी गाडी घेऊ नका. लिटर हे बॅगांचं माप आहे. सायकलीला चार मापं लागतात: डिकीच्या तोंडाची रुंदी, तोंडाची उंची, सीट पाडल्यावर पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतची लांबी, आणि सीट पाडल्यावर मध्ये पायरी राहते की सपाट होतं. रोड बाईक दोन्ही चाकांसकट साधारण १७० सेंटीमीटर भरते, पुढचं चाक काढलं की १४० च्या आत येते. २९ इंची एमटीबी त्याहून लांब आणि तिचं हँडल ७५ सेंटीमीटरच्या आसपास रुंद. खरी अडचण त्या हँडलची असते.

आता मागच्या रॅकचं गणित बघा. वॅगनआरची रुंदी १६२० मिलिमीटर. एर्टिगा १७३५, ट्रायबर १७३९. म्हणजे आख्खी रोड बाईक वॅगनआरच्या मागं आडवी लावली तर ती दोन्ही बाजूनं बाहेर डोकावणार, एमटीबी तर एर्टिगाच्या मागंही बाहेर येणार. सरळ राहायचं असेल तर मागं लावतानाही पुढचं चाक काढायलाच लागतं. चाक काढायचंच असेल तर सायकल उन्हापावसात बाहेर कशाला लोंबकळत ठेवायची? आत घाला की.

माझ्याकडं जुनी गाडी आहे, तिच्यात मी १८ मिलिमीटर प्लायची फळी केलीय. फळीवर दोन फोर्क माउंट बोल्टनं बसवलेत, खाली नमद्याचा पट्टा चिकटवलाय. फोर्क त्यावर बसवायचा, मागचं चाक मागं टेकतं, सायकल उभी राहते. गाडीला एकही भोक पाडलेलं नाही. घरी आलं की फळी कपाटामागं जाते.

टँडम

हिच रॅक, म्हणजे गाडीच्या मागं ट्रेलर ओढायच्या हुकावर (टो हिच) बसणारा सायकल रॅक, वापरणारा इथं मी एकटाच दिसतोय, तर त्या बाजूनंही बोलतो. चांगला हिच रॅक असेल तर दोन सायकली पाच मिनिटांत लागतात. चाकांना धरणारा रॅक घेतला तर फ्रेमला स्पर्शसुद्धा होत नाही, कार्बन फ्रेमवाल्यांना हे महत्त्वाचं आहे. गाडीच्या आत चिखल नाही, चेनचं काळं नाही. आतल्या सीटवर ग्रीसचा डाग पडला की घरात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

लेथ_नंबर_४

टँडम दादा, बरोबर आहे, पण आपल्याकडं बहुतेक गाड्यांना कंपनीतनं टो हिच येतच नाही. बाहेरनं बसवायला लागतं, चासीला धरायला लागतं. काम चांगलं झालं तर ठीक.

पासिंग_पेपर

कायद्याचं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफारांबद्दल आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं ते याच कलमाचा आधार घेऊन. तेव्हा वेल्डिंग करून काही बसवण्याआधी नीट विचार करा. दुसरं, मागची नंबर प्लेट आणि लाल दिवे झाकले जाता कामा नयेत. पट्टीच्या रॅकवर दोन सायकली लावल्या की हमखास झाकले जातात. तिसरं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये गाडीच्या बाजूनं, मागं-पुढं किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे. वर लेथवाल्यांनी रुंदीची मापं दिलीत ती या कलमाशेजारी ठेवून वाचा.

सायकल आत असेल तर यातला एकही प्रश्न उभा राहत नाही.

शेपूटवाली_गाडी

माझ्या जिव्हाळ्याचा विषय निघाला म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सायकलीसाठी जगात जी गाडी बनवली जाते ती म्हणजे स्टेशन वॅगन, इस्टेट. सेडानसारखी जमिनीला धरून चालते आणि मागं आख्खी खोली असते. आपल्याकडं आल्या नाहीत असं नाही. १९९२ ची टाटा इस्टेट आठवते का? नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, फियाट सिएना वीकएंड, टाटा इंडिगो मरीना. एकही टिकली नाही. मागं लांब पेटीसारखी दिसणारी गाडी लोकांना मालवाहू वाटायची. पुढं २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरनं १६ टक्क्यांवर आलं आणि सगळ्या कंपन्या गाडीची शेपूट छाटायला लागल्या. आत्ताच्या जीएसटीतही सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली छोट्या इंजिनची गाडी १८ टक्क्यांत आणि त्यापुढची ४० टक्क्यांत. सायकल जिथं मावते नेमका तोच भाग कराच्या रेषेपलीकडं राहतो.

तेव्हा १३ लाखांत मजा आणि जागा दोन्ही हवं असेल तर सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया बघा. दिसायला सेडान, पण मागची काच डिकीच्या झाकणासकट उघडते. डिकी ५९० लिटर (लेथसाहेब, माफ करा) आणि सीट पाडली की १५८० लिटर. त्यात मी दोन रोड बाईक झोपवून आंबा घाट उतरलोय. घाटात ती गाडी रुळावरनं गेल्यासारखी जाते. ज्यानं चालवलीय त्याला कळेल.

घाटवाट

गाडी चांगलीच आहे. पण दहा वर्षांची जर्मन पद्धतीची गाडी आणि सहावीतली मुलगी, दोन्हीचा खर्च एकाच वेळी वाढत जातो.

शेपूटवाली_गाडी

हे मात्र खरं आहे. जुनी घेणार असाल तर सर्व्हिसची सगळी बिलं बघूनच घ्या.

पंक्चर_ते_ओव्हरहॉल

मी सायकल दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडं मारुती ईको आहे, पाच सीटर. सरकता दरवाजा, सपाट तळ, गिऱ्हाइकाच्या चार सायकली घेऊन येतो. धंद्याला उत्तम, पण धागाकर्त्यांना मजा हवीय, त्यामुळं मी ती सुचवणार नाही.

मला सांगायचंय ते सायकलीबद्दल. गाडीत सायकल झोपवून आलेल्या लोकांचे वाकलेले हँगर मी दर आठवड्याला सरळ करतो. मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका गिअरवरनं दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या पत्र्यावर बसतो तो हँगर. सायकल गिअरच्या बाजूवर झोपवली की सगळं वजन त्याच्यावर येतं आणि तो आत वाकतो. मग दुसऱ्या दिवशी चढाला सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेल्युअर थेट स्पोकमध्ये जातो. म्हणून गाडीत घालण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर घ्या, म्हणजे डिरेल्युअर आतल्या बाजूला, फ्रेमच्या आडोशाला येतो. मागचं चाक काढायचं असेल तर मात्र सगळ्यात लहान चकती सोपी. आणि झोपवताना गिअरची बाजू कायम वर. दोन सायकली एकावर एक ठेवायच्या असतील तर मध्ये जुनी गोधडी घाला. फेसाच्या शीटपेक्षा गोधडी बरी, घसरत नाही.

आणि सायकल आत बांधाच. जोरात ब्रेक मारला की दहा-बारा किलोची सायकल पुढं येते आणि पुढं माणसांची डोकी असतात. रिकाम्या सीटचा बेल्ट फ्रेममधनं घालून लावला तरी बरंच काम होतं.

एकशेऐंशी_अंश

कुणी जॅझचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. जुन्या होंडा जॅझच्या वरच्या मॉडेलला मॅजिक सीट यायची. मागच्या सीटची बैठक सिनेमा हॉलमधल्या खुर्चीसारखी वर उचलायची, की पुढच्या सीटच्या मागं खालपासून छपरापर्यंत मोकळी जागा. पुढचं चाक काढलेली सायकल तिथं आडवी उभी राहते. झोपवायची गरजच नाही. हे जमायचं कारण त्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे, मागच्या सीटखाली नाही, त्यामुळं मागचा तळ खाली बसवता आला. २०२३ ला आपल्याकडं बंद झाली. माझ्याकडं आहे आणि मी विकणार नाही, विचारू नका. दोन माणसं आणि एक-दोन सायकलींना याच्यासारखी गाडी नाही. तिघांना मात्र पुरणार नाही, मागं माणूस बसतो किंवा सायकल.

कळे_साळवण

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी माहिती एका दिवसात मिळेल असं वाटलं नव्हतं. सायलेन्सरचा प्रसंग, छपराचं ऐकलेलं आणि पासिंग_पेपर यांचा दंडाचा आकडा, हे सगळं मिसेसला वाचून दाखवलं. सायकली आतच, यावर घरात एकमत झालं.

आता प्रश्न असा की तीन माणसं आणि तीन सायकली आत. म्हणजे तीन रांगांची गाडी आली. ट्रायबर आणि एर्टिगा डोक्यात आहेत. सीएनजीचं काय? रोज हायवेवर जाणं आहे, पैसे वाचतील.

घाटवाट

सीएनजी घेतली की सिलिंडर नेमका सायकलीच्या जागेत येऊन बसतो. तेवढं सोडून द्या.

चाळीस_तासांत_सहाशे

ट्रायबर मी चार वर्षं वापरतोय. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट सुट्या आहेत, खाली लिव्हर ओढला की काढून घरी ठेवता येतात. पाडून ठेवलेल्या सीटचं ओझंच उरत नाही. काढल्यावर डिकी ६२५ लिटर होते. लांबी ३९९० मिलिमीटर, म्हणजे शहरात कुठंही लागते. दुसरी रांग सरकते, पाठ मागं कलते, पडून पुढंही जाते. इंजिन एक लिटरचं, ७२ पीएस. भरलेल्या गाडीनं घाटात दुसऱ्या गिअरवर शांतपणे चढायची तयारी ठेवा. मला घाई नसते, मला चालतं.

माझ्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. मी बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. ६०० किलोमीटर ४० तासांत संपवल्यावर माणूस गाडी चालवायच्या लायकीचा नसतो. संपलं की मी सायकल पुढच्या सीटला टेकवून बांधतो, मागं चादर टाकतो आणि सरळ झोपतो. चार तास झोप झाल्याशिवाय किल्लीला हात लावत नाही. वर छपरावर_नको यांनी बीमचा प्रसंग लिहिलाय, तो झोपेचाच आहे. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा मागं पाय लांब करून झोपून बघा. शोरूममधली पोरं बघत राहतील, बघू द्यात.

छपरावर_नको

हो. झोपेचाच होता. त्या दिवशी सावंतवाडीला मुक्काम केला असता तर सायकल आज असती.

टँडम

एर्टिगा बघताय तर मारुतीचीच एक्सएल६ पण बघा. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट आहेत आणि मध्ये वाट आहे. त्या वाटेत फोर्क जातो. चार माणसं बसून एक सायकल नेता येते. (हिच रॅकवरचं माझं मत मी बदललेलं नाही, पण तिघांच्या कुटुंबाला आत ठेवणंच सोयीचं, हे मान्य.)

दुसरा_गिअर

कळे_साळवण दादा, शोरूमला जाताना तिन्ही सायकली घेऊन जावा. फोटो काढून आणि टेप लावून काही कळत नाही. आणि ताईंना घेऊन जावा, त्यांनाच उचलून बघू दे. डिकीचा काठ किती उंचावर आहे ते उचलल्यावर कमरेला कळतं. बारा वर्षांची पोरगी स्वतःची सायकल स्वतः आत घालू शकली पाहिजे, म्हणजे दोन वर्षांनी ती एकटीची एकटी तयार होईल.

कळे_साळवण

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यामुळंच गेलो.

तिन्ही सायकली शेजाऱ्यांच्या छोटा हत्तीत टाकून नेल्या. शोरूममधला मुलगा आधी गोंधळला, मग त्यानं स्वतःच जुनी चादर आणून सीटवर अंथरली. ट्रायबरमध्ये दोन सायकली आणि तिघं आरामात बसलो. तिसरी, म्हणजे एमटीबी, हँडल तिरकं करून बसवली, पण मग मुलीच्या खांद्याला पेडल लागत होतं. तिसरी सीट काढून ठेवायची सोय मला फार आवडली, खोटं कशाला बोलू. दोन सायकली असत्या तर तिथंच सही केली असती.

एर्टिगात तिसरी रांग पाडली, मधल्या रांगेचा मोठा भाग पाडला, छोट्या भागावर मुलगी. माझी आणि मिसेसची सायकल सीटपोस्ट काढून तिरक्या उभ्या, मुलीची त्यांच्या शेजारी. बसलं सगळं. पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं लागली. मुलीनं सांगितलं, "बाबा, चेन माझ्या कानाजवळ येते." बघितलं तर खरंच, गालाला काळं लागलं होतं. माझी सायकल फिरवून घातली, गिअरची बाजू पलीकडं केली, प्रश्न मिटला. पंक्चर_ते_ओव्हरहॉल यांची गोधडी बरोबर होती, तीच मध्ये घातली. मिसेसनं एमटीबी दोनदा आत-बाहेर केली आणि "जमतंय" म्हणाली. झोपून पण बघितलं. शोरूममधल्या पोरानं दुसरीकडं बघितलं.

मग मी हट्ट धरला की टेस्ट ड्राइव्ह सायकली आत ठेवूनच घेणार. मॅनेजर हो म्हणाले. दीड लिटरचं इंजिन, १०३ पीएस, गाडी भरलेली असूनही हायवेच्या चढाला तिसऱ्यात खेचली. ऑक्टाव्हियासारखी नाही हे मान्य, पण स्टिअरिंग हलकं आहे, गिअर बोटानं पडतो आणि वळणावर भीती वाटत नाही. लांब गाडी आहे, पार्किंगला सवय करावी लागेल. पेट्रोल मॅन्युअलच. बुक केली.

लेथ_नंबर_४, ती फळी तुमच्याकडून करून मिळेल का?

शेपूटवाली_गाडी

अभिनंदन! शेपूटवालीच घेतलीत शेवटी.

घाटवाट

अभिनंदन दादा. पेढे साळवणला.

लेथ_नंबर_४

करून देतो. पैशाचं नंतर बघू. गाडी आली की घेऊन या, मागचा सपाट भाग मोजून प्लाय कापू. आधी तिन्ही सायकलींचे फोर्क कॅलिपरनं मोजून कळवा. तुमची डिस्कची रोड बाईक असेल तर थ्रू ॲक्सल (चाकातनं आरपार जाणारा दांडा) १२ मिलिमीटर जाड आणि १०० रुंद असणार. एमटीबी नवी असेल तर १५ जाड आणि ११० रुंद. जुनी असेल तर ९ ची क्विक रिलीज (लिव्हरनं सैल होणारी). अंदाजे सांगू नका. पाइप लेथवर फिरवला की मग अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढवता येत नाही.

कळे_साळवण

माझी १२ × १००, मिसेसची १५ × ११०, आत्ताच मोजली. मुलीच्या सायकलीला यातलं काहीच नाही, पुढच्या चाकाला दोन्ही बाजूला नट आहेत.

लेथ_नंबर_४

मग तिच्यासाठी पट्टीत खाच करून देतो, नट तसेच आवळायचे. तिचं तिला करता येईल. १५ चा पाना गाडीत ठेवा आणि तो तिच्याच ताब्यात द्या.